पन्नासपैकी सेहेचाळीस

मला हात आहेत, पण ते माझे मला हलवता येत नाहीत. डोळे आहेत, पण ते मिटत नाहीत. मित्रांनो, सानपाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर मी कित्येक वर्षे पडून आहे. मी रबराचा एक जुना डमी आहे. खऱ्या रोग्याला हात लावण्याआधी मुली माझ्यावर शिकतात. कूस कशी बदलावी, नळी कशी घालावी, सुई कुठे टोचावी, हे सगळे आधी माझ्यावर होते. मला दुखत नाही, म्हणूनच मला विकत आणले आहे. पण दुखत नाही म्हणजे कळत नाही, असे समजू नका. माझ्या अंगात शिरलेली प्रत्येक सुई मला आठवते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यात गरम रबर ओतले आणि थंड झाल्यावर मला उपडे करून बाहेर काढले. शेजारच्या फळीवर नुसते हात होते, नुसती डोकी होती. मी मात्र अख्खा होतो. माझ्या दंडात लाल पाणी भरायच्या नळ्या घातल्या, छातीत स्प्रिंग बसवली. माझी खरी खुबी मात्र कमरेखाली होती. तिथे दोन छोटे दिवे होते. कुल्ल्यावरचे इंजेक्शन योग्य जागी, म्हणजे वरच्या बाजूला आणि बाहेरच्या अंगाला दिले, की हिरवा दिवा लागायचा. सुई खाली किंवा आत गेली, की लाल दिवा लागायचा आणि बझर वाजायचा. कारण त्या आतल्या भागातून एक जाड नस पायाकडे जाते. खऱ्या माणसाच्या त्या नसेला सुई लागली, तर त्याचा पाय लुळा पडू शकतो. मला बनवणाऱ्याने ती नस पिवळ्या तारेने दाखवली होती. तार झाकताना तो आपल्या सोबत्याला म्हणाला होता, की ही जागा नीट ओळखणारी नर्स पुण्यवान.

पेटीत बसून मी सानपाड्याला आलो. पहिल्या तुकडीतल्या एका मुलीने माझ्या टकलाकडे बघितले आणि म्हटले, "अगं, हा तर आमच्या आप्पांसारखा दिसतो." तेव्हापासून मी आप्पा झालो. मुली खोलीत आल्या की "आप्पा, कसं काय?" म्हणायच्या. उन्हाळ्यात माझ्यावरची चादर बदलायच्या. मला घाम येत नाही, हे त्यांना माहीत होते, तरी बदलायच्या.

त्या मुलींना शिकवायच्या शालन मॅडम. त्या साताऱ्याकडच्या. चणीने लहान, हात मात्र मोठे आणि उबदार. तेव्हा वर्गात मुली मोजक्या होत्या. मॅडम माझ्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढून घ्यायच्या आणि एकेकीला आत बोलवायच्या. मुलीने सुई टोचली, की त्या आधी काही सांगायच्याच नाहीत. विचारायच्या, "तुझ्या बोटाला काय लागलं?" मुलगी गोंधळायची. मग मॅडम तिच्या हातावर आपला हात ठेवून माझे कमरेचे हाड शोधून द्यायच्या. जे बरोबर झाले ते सांगायच्या. चुकलेल्यातली एकच गोष्ट सांगायच्या. एकदा एकीने विचारले, "बस, एवढंच?" तर म्हणाल्या, "सगळं एकदम सांगितलं, तर घरी जाईपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही. उद्या एवढं कर. परवा दुसरं सांगते." गुण त्या सगळ्यात शेवटी लिहायच्या. पडद्याबाहेर गेल्यावर किती गुण मिळाले, हे विचारायचे काही मुली विसरूनही जायच्या.

त्या वर्षांत माझा लाल दिवा खूपदा लागला. पण कोणत्याच मुलीसाठी तो फार काळ लागत राहिला नाही. मला वाटायचे, माझ्यासारखा भाग्यवान डमी दुसरा नसेल.

मग कॉलेजचे नाव झाले. जागा वाढल्या. मुली खाटेभोवती तिहेरी कडे करून उभ्या राहू लागल्या. मॅडमच्या जोडीच्या एक बाई दुसरीकडे गेल्या, त्यांच्या जागी कोणी आले नाही. पडदा ओढायला जागाच उरली नाही, तेव्हा तो काढून ठेवला. मॅडमचा आवाज चढू लागला. मागच्या रांगेपर्यंत तो पोचायला हवा होता ना. हळूहळू त्या हात धरून दाखवायच्या कमी झाल्या आणि लांबूनच बोलू लागल्या. सुईसारखे लांबून बोललेलेही टोचते, हे मला प्रथमच कळले.

अशा दिवसांत उन्नती आली.

उन्नती घणसोली गावातली. तिच्या घरची भातशेती केव्हाच गेली होती. वडिलांनी, कमळाकरांनी, जुन्या घरावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. घरात नर्स होणारी ती पहिलीच. मुलगी हुशार होती आणि हाताने फार चपळ. माझी कूस ती इतक्या अलगद बदलायची, की मला पिसासारखे वाटायचे. पण तिला घाई होती. इंजेक्शन देताना ती बोटांनी हाड शोधायची नाही. नजरेने मध्य काढायची आणि सुई घालायची.

त्या दिवशी तिची सुई खाली गेली आणि आत गेली. लाल दिवा लागला. बझर वाजू लागला.

"थांबा," शालन मॅडम म्हणाल्या. "सगळ्या पुढं या. उन्नतीनं आप्पांचा पाय घालवला. नीट बघून घ्या, म्हणजे तुम्हालाही घालवता येईल."

मुली हसल्या. मागून कोणी तरी म्हणाले, "आप्पांना काठी आणा गं." उन्नती सुई काढायचेही विसरली. सुई अजून माझ्यात होती, म्हणून बझर वाजतच होता. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि सगळ्या बाहेर पडल्या. बोट कुठे ठेवायचे होते, हे त्या दिवशी तिला कोणी दाखवलेच नाही.

पुढे कित्येक दिवस ती खोलीत आली, की मुली तोंडाने बझरसारखा आवाज काढायच्या. ती हसण्यावारी न्यायची. पण माझ्या जवळ उभी असताना तिचे हात गार असायचे.

एका सकाळी कमळाकर कॉलेजात आले. प्राचार्य निशिगंधा मॅडम त्यांना घेऊन आमच्याच खोलीत आल्या, कारण शालन मॅडम तिथे होत्या. कमळाकर धिप्पाड माणूस. पण बोलताना ते माझ्याकडे बघत होते, मॅडमकडे नाही.

"मॅडम, पोर दोन दिस नीट जेवली नाय," ते म्हणाले. "तिची आजी काशी, ती इचारून इचारून दमली. ही बोलत नाय. तुमी तिला शिकवा. चुकली तं बोला, आमी कोन नाय म्हनत नाय. पन चारचौघींत हसं नका करू."

"काका, तिची चूक मोठी होती," शालन मॅडम म्हणाल्या.

"आसंल. मना त्यातलं कलत नाय. मोठी होती तं मंग तुमी तिला दाखवली काय, ती कशी नाय करायची ते?"

कमळाकरांनी हात जोडले आणि ते निघून गेले.

मित्रांनो, गोष्ट इथेच सुधारली असती. त्या भल्या माणसाने नेमके काय ते सांगितले होते. पण त्याच महिन्यात कॉलेजने मुलींकडून शिक्षकांबद्दलची मते लिहून घेतली. सभागृहात रंगकाम चालू होते, म्हणून शिक्षकांची बैठक आमच्या खोलीत झाली. निशिगंधा मॅडमनी ती मते वाचून दाखवली. शालन मॅडमच्या नावापुढे मुलींनी लिहिले होते, की टोचून बोलतात, भीती वाटते, सगळ्यांसमोर अपमान करतात. हे सगळे सहकाऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. एकजण हसलाही. शालन मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटले, आता यांना तरी कळेल, चारचौघांत ऐकताना कसे वाटते ते. त्यांना कळलेही असेल. पण ज्याला लागते, तो दर वेळी शहाणाच होतो असे नाही. काही माणसे मुकी होतात.

"यापुढे प्रॅक्टिकलला चाळीसच्या खाली कुणी नको," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "तपासणीची कमिटी येतेय. ते रिझल्ट बघणार. आणि मार्कांसोबत ते शेरे कशाला लिहायचे? शेरा लिहिला की पालक येतात. मार्क द्या आणि पुढे चला."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि हा वाजतो तो आवाज. बाहेरचे परीक्षक आले आणि हा सारखा वाजत बसला, तर कसं दिसेल? मिथुन, याचे सेल काढून ठेव रे."

मिथुन म्हणजे आमच्या मजल्याचा शिपाई. त्याने माझ्या पाठीचे झाकण उघडले, दोन सेल काढले, खिडकीत ठेवले आणि झाकण लावले. मला काहीच वाटले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कोणाची सुई कुठेही गेली, तरी खोली शांत राहू लागली. वरच्या बाजूला गेली तरी शांत. आत गेली तरी शांत. मित्रांनो, बझरच्या आवाजाला मुली भ्यायच्या. मी त्या शांततेला भिऊ लागलो.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक दाराजवळ खुर्चीवर बसून चहा पीत होते. शालन मॅडम माझ्या पायाशी उभ्या होत्या. मुली एकापाठोपाठ एक येत होत्या. कोणाच्या सुया बरोबर जात होत्या, कोणाच्या नव्हत्या. मॅडम बघायच्या आणि आकडा लिहायच्या. त्रेचाळीस. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. त्यांचा हात मोठा होता, पण उबदार उरला नव्हता. त्या कोणालाच हात लावत नव्हत्या.

उन्नती आली. तिने माझ्या अंगावरची चादर अलगद बाजूला केली, कापसाने जागा पुसली, औषध बरोबर भरले, हवा काढली. सगळे सुंदर केले. मग नजरेने मध्य काढला आणि सुई घातली. खाली आणि आत. त्याच जागी. सुईचे टोक पिवळ्या तारेला लागलेले मला कळले.

शालन मॅडम वाकल्या. त्यांनी नीट पाहिले. त्यांचे ओठ उघडले. मी मनातल्या मनात म्हणालो, बोला. एवढे एकदाच बोला. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडा लिहिला.

उन्नती घुटमळली. "मॅडम, बरोबर होतं?"

"मार्क दिलेत," मॅडम म्हणाल्या. "पुढची कोण आहे?"

पन्नासपैकी सेहेचाळीस. उन्नती बाहेर गेली आणि तिने आनंदाने मैत्रिणीला मिठी मारली. ते मला दारातून दिसले. ज्या मुलीला सगळ्या हसल्या होत्या, तिला सेहेचाळीस मिळाले होते. तिने काय समजावे? तिला वाटले, आपले आता बरोबर येऊ लागले.

निकाल शंभर टक्के लागला. खाली फाटकावर मुलींच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स लागला, असे मिथुन सांगत होता. पांढरे गणवेश घालून त्या पांगल्या. कोणी कोपरखैरण्याला, कोणी पनवेलला, कोणी ठाण्याला. जिथे माणसे आजारी पडतात, तिथे त्या गेल्या.

माझ्याकडे मात्र कोणी फारसे बघेना. कमिटीला दाखवायला एक नवा डमी आणला होता. तो खराब होऊ नये, म्हणून त्याच्यावरचे प्लास्टिक कोणी काढत नव्हते. माझ्या कोपराचे रबर फाटले. छातीची स्प्रिंग बसली. शालन मॅडम यायच्या, शिकवायच्या, गुण द्यायच्या आणि जायच्या. त्यांच्याविरुद्ध आता एकही तक्रार येत नव्हती.

पावसाळा संपला होता. एका दुपारी दार उघडून उन्नती आत आली. अंगावर नर्सचा गणवेश, केस अर्धे सुटलेले. शालन मॅडम कपाटातल्या वस्तू लावत होत्या.

"अगं, तू?" मॅडम म्हणाल्या. "बस. कुठं आहेस सध्या?"

उन्नती बसली नाही. "घणसोलीतच. आमच्या गावातलंच छोटं नर्सिंग होम. मॅडम, मला आप्पांवर इंजेक्शन देऊन बघायचंय. तुम्ही बघा. आणि मी कुठं चुकते, ते सांगा."

मॅडमनी हातातली वस्तू खाली ठेवली. "काय झालं?"

तेव्हा उन्नतीने सगळे सांगितले. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत धनाजी नावाचा भाडेकरू होता. साताऱ्याकडचा, कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा. त्याला ताप भरला, पोटात गोळी टिकेना. सुईला तो घाबरायचा. पण डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितले, तेव्हा म्हणाला, उन्नतीताई देणार असतील तर घेतो.

"सुई गेली आणि तो ओरडला," उन्नती म्हणाली. "पायात करंट गेला म्हणाला. मी म्हटलं, होतं असं थोडं. दुसऱ्या दिवशी बघते तर आमच्या जिन्यात त्याची एक चप्पल पडलेली. तो पुढं गेला होता. पायातून निसटली ते त्याला कळलंच नव्हतं. मीच उचलून दिली." ती थांबली. "आता रोज सकाळी जिना उतरतो. एक पाय वाजतो आणि दुसरा घासत येतो. मॅडम, मी झोपते त्या जागेच्या वरच जिना आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. नस दुखावलीय म्हणाले. सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. त्याला वाटतं, तापानं झालं."

"आणि नर्सिंग होमचे डॉक्टर?"

"ते म्हणाले, तू काही बोलू नको."

शालन मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला कुशीवर वळवले.

"सेल टाका ना," उन्नती म्हणाली.

"सेल टाकून उपयोग नाही. आतली पट्टी गंजलीय. तो आता वाजायचा नाही. तू कर, मी बघते."

तिने केले. मित्रांनो, त्या वेळी जगातला कोणताही देव मला वाचा द्यायला आला असता, तर मी ती घेतली असती. सुई त्याच जागी गेली. जराही इकडेतिकडे नाही.

"खाली आहे," शालन मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि आत आहे."

मग त्यांनी तिची बोटे धरली. कितीतरी वर्षांनी तो मोठा हात दुसऱ्या हातावर ठेवलेला मी पाहिला. त्यांनी तिची बोटे माझ्या कमरेवरून सरकवली. "हे हाड लागतंय? इथून मोजायचं. मनात चार भाग कर. हा वरचा, बाहेरचा. आता डोळे मिटून पुन्हा शोध."

तिने शोधले. हाड सापडल्यावर ती तशीच उभी राहिली. "एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच होतं."

"मॅडम, परीक्षेत तुम्ही वाकून बघितलं होतं."

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मग सेहेचाळीस दिले."

खाली रस्त्यावर मार्केटकडे जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"बाबा येऊन बोलले म्हणून?" उन्नतीने विचारले.

"तुझे बाबा बरोबर बोलले होते," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणाले होते, दाखवा. मी बोलायचंच बंद केलं. मला वाटलं, यांना मार्कच हवेत ना, घ्या मार्क. चल, तुझ्या घरी जाऊ. त्याला सांगायला हवं. तू एकटी नको सांगू."

त्या दोघी गेल्या. पुढे काय झाले, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. उन्नती पुन्हा आली होती आणि मॅडमसमोर माझ्या खाटेच्या कडेला बसली होती. आदल्या दिवशी धनाजीसमोर तिला रडू फुटले होते, म्हणून मॅडम तिला पुन्हा विचारत होत्या, की तू सावरलीस का.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "पण तो शेवटी काय म्हणाला, ते डोक्यातून जात नाही."

"मी पण रात्रभर तेच ऐकतेय."

धनाजीने सगळे ऐकून घेतले होते. तो ओरडला नव्हता. कमळाकर मान खाली घालून शेजारी उभे होते. धनाजी आपल्या पायाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, माज्या आदी कितीजणास्नी दिलंस असं?"

"मला उत्तर देता आलं नाही, मॅडम," उन्नती म्हणाली. "मला माहीतच नाही. सगळे काही परत येत नाहीत दाखवायला. कुणाला वाटलं असेल वय झालं. कुणाला वाटलं असेल थंडीनं झालं."

शालन मॅडम उठल्या. "तुझंच नाही," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी सगळ्यांना असेच मार्क दिलेत. मी दिलेत."

त्याच आठवड्यात निशिगंधा मॅडम नव्या डमीचे प्लास्टिक नीट आहे की नाही, ते बघायला आल्या. शालन मॅडमनी त्यांना तिथेच गाठले.

"त्या तुकडीला परत बोलवू या, मॅडम. एक एक दिवस. ज्यांचं चुकतंय त्यांना दाखवू या."

"कशासाठी? त्या पास आहेत," निशिगंधा मॅडम म्हणाल्या.

"त्यांच्यातल्या कितीजणींना हाड सापडत नाही, हे आपल्याला माहीत नाही."

"म्हणजे आपणच सगळीकडे सांगायचं, की आम्ही दिलेले मार्क खोटे होते? उद्या कोण येईल इथं शिकायला? शंभर टक्के निकालाचा बोर्ड अजून खाली लागलाय." बोलताना त्या प्लास्टिक पुन्हापुन्हा नीट करत होत्या. मला दिसत होते, की त्याही घाबरल्या आहेत. "शालन मॅडम, त्या मार्कांवर तुमची सही आहे. माझीही आहे. जे झालं ते झालं. आता नवीन मुलींकडे लक्ष द्या."

त्या गेल्यावर शालन मॅडमनी कपाटातून हिरवा पडदा काढला. त्याला कुबट वास येत होता. तो त्यांनी खिडकीत झटकला आणि दांडीला अडकवला. आपल्या फोनवरून त्यांनी त्या वर्षीच्या सगळ्या मुलींना निरोप पाठवला. रविवारी या, इंजेक्शनची जागा पुन्हा बघू, तुमच्या हातात दोष नाही, माझ्या शिकवण्यात राहून गेलंय, असे लिहिले. पाठवण्याआधी त्यांनी तो उन्नतीला फोन करून वाचून दाखवला.

उन्नतीने नोकरी सोडली आहे. सुई हातात घ्यायला तिचे मन अजून होत नाही. पण दर रविवारी ती घणसोलीहून येते आणि ज्या मुली येतील, त्यांना हाड शोधून देते. ती कोणाला हसत नाही. पडद्याच्या आत एकच मुलगी घेते. आधी विचारते, तुझ्या बोटाला काय लागलं? धनाजीच्या पायाला आता पट्टा आहे. पाय थोडा उचलतो. गोणी मात्र उचलत नाही, मार्केटात बसून कांदा निवडतो. तो उन्नतीशी बोलतो. पूर्वीसारखे नाही, पण बोलतो.

आणि मुली? थोड्या आल्या. एक पनवेलहून आली, दोघी कोपरखैरण्याहून. त्यातली एक पडद्याबाहेर येऊन भिंतीला टेकून बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. बाकीच्यांनी फोनवर नुसता अंगठा पाठवला. काहींनी तेही केले नाही. शालन मॅडम एकेकीला फोन करत होत्या. एकीशी बोलताना त्यांनी फोन माझ्या खाटेवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आले. मागे वॉर्डातले आवाज येत होते. मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, मी कशाला येऊ? मला तर अठ्ठेचाळीस होते."

मित्रांनो, मी जुना झालो आहे. लवकरच मला भंगारात देतील, त्याचे मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुम्हाला कोणी तुमची चूक दाखवली, तर त्या माणसाचा राग येऊ द्या, पण ती चूक नीट बघून घ्या. हातात नुसता आकडा आला आणि सोबत एकही शब्द आला नाही, तर तो कितीही मोठा असो, त्याला भ्या. जाऊन विचारा, माझे काय राहिले? आणि उद्या तुम्ही कोणाला शिकवाल, तेव्हा चूक एकांतात दाखवा, प्रेमाने दाखवा, हात धरून दाखवा. पण दाखवल्यावाचून कोणाला पुढे पाठवू नका.

ती अठ्ठेचाळीसवाली मुलगी मला आठवते. तिची सुई कुठे गेली होती, तेही आठवते. तिच्यासारख्या आणखी कोण कोण होत्या, ते सगळे मला ठाऊक आहे. मला कोणी विचारत नाही आणि विचारले तरी मला सांगता येणार नाही. रविवारी शालन मॅडम पडदा ओढून त्यांची वाट बघतात. त्या मुली आलेल्या नाहीत. त्या आत्ता ड्यूटीवर आहेत.